ब्राह्मणपुरीची जुनी स्टिक

‘ताई, आधी पैसे टाका, मग पत्ता देतो.’

दामिनीनं त्यालाही ब्लॉक केलं. जुन्या वस्तूंच्या ॲपवर पूल खेळायची स्टिक शोधून आठवडा होत आला होता. नव्या स्टिकची किंमत वाचून तिनं तो नाद केव्हाच सोडला होता. जुन्यांत एकीचं टोक फुटलेलं, एकीचा फोटो भलतीकडूनच उचललेला. ती प्रत्येक फोटो मोठा करून कडेचं सगळं तपासायची. मांडीवरच्या जियाची सर्दी आणि हे असले विकणारे, दोन्हींवर तिची सारखीच नजर.

स्टिक नवऱ्यासाठी, भावेशसाठी हवी होती. नंदुरबारला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये असताना तो रोज संध्याकाळी समोरच्या पूल पार्लरमध्ये खेळायचा. घरी आला की ताटात वाटाणे मांडून तिला शॉट समजावायचा, हसायचा, बडबडायचा. मागच्या वर्षी एकाएकी नोकरी सोडून शहाद्याला आला आणि त्याचं बोलणंच आटलं. ‘हं’, ‘नको’, ‘बघू’. जिया रडायला लागली की उठून बाहेर निघून जायचा.

डॉक्टर म्हणाले, आवडीचं काहीतरी पुन्हा सुरू होऊ द्या. शहाद्यातही आता पार्लर निघालं होतं. दामिनीला दुसरं काही नको होतं. त्यानं पूर्वीसारखं बोलावं, बस.

ब्राह्मणपुरीच्या जाहिरातीत किंमत इतकी कमी होती की तिला आधी संशयच आला. फोटोत नुसतं काळं कव्हर. फोन एका बाईंनी उचलला.

“पैसा आगोदर नको,” त्या म्हणाल्या. “पन ज्याले खेळनं शे त्याले संगे लई ये. हातमा धरीसन पाही लेवा दे.”

“आणते ह्यांना बरोबर, हातात धरून बघतील. तुमच्या मुलाची आहे का?”

“हां. तो आते खेळस नही.”

दामिनीला हायसं वाटलं. आईमाणूस आहे, फसवायची नाही.

वाढदिवसाच्या दिवशी तिनं भावेशला फक्त एवढंच सांगितलं, की ब्राह्मणपुरीला एक काम आहे. त्यानं का म्हणून विचारलं नाही. केळीच्या बागांमधून मोटारसायकल चालली होती.

फोनवरच्या त्या बाईंचं, मीनाबाईंचं घर गावाच्या टोकाला होतं. भावेश बाहेर गाडीपाशीच थांबला. मीनाबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला, जियाच्या गालाला बोट लावून ते कपाळाला नेलं. दामिनीची नजर सवयीनं घरभर फिरली. भिंतीवर एक मोकळा खिळा होता. त्याखालचा रंग चौकोनी, उजळ.

“कोना घरना तुम्ही?”

“पाटील. शहाद्याचे.”

“आठे अर्धा जिल्हा पाटील शे, बेटा!” मीनाबाई हसल्या. “मन्हा पोऱ्या बी पार्लरमाईन फोन करे, तं आज पाटील जिंकना, आज पाटीलनी चहा पाजा. कोनता पाटील, कोनता गावना, माले कधी समजनंच नही.”

“आमच्याकडे पण तेच,” दामिनी हसली. “ह्यांना कुणाचं नाव विचारलं की म्हणायचे, पाटील! बरं, स्टिक आणखी कुणी बघून गेलं का?”

“बराच उनात. दोन तुकडा जोडाना पेच वाकडा शे ना तिना, म्हणीसन स्वस्त. कोनाले जोडताच उनी नही. मी बी कोनाले दिधी नही.”

“का?”

“हात पटना नही.”

दामिनीला गलबलून आलं. मुलाची वस्तू आई अशी कुणाच्याही हाती कशी देईल?

“ह्यांचा हात बघाच तुम्ही, मावशी,” ती म्हणाली. “पार्लरमध्ये सगळे ह्यांना मानायचे.” आणि तिनं हाक मारली, “अहो, आत या ना!”

भावेश उन्हातून आत आला. तेवढ्यात जिया रडायला लागली. तो थबकला, मागे वळणार, इतक्यात मीनाबाईंनी स्टिकचे दोन तुकडे त्याच्या हातांत ठेवले. त्याची नजर जियावर होती. हातांनी आपसूक काम केलं. वरचा तुकडा दाबला, अर्धा फेरा उलटा घेतला, मग सुलटा. खट्. स्टिक अखंड झाली.

“बघा!” दामिनीचा जीव सुपाएवढा झाला. “आता पटला का हात?”

“पटना,” मीनाबाई म्हणाल्या.

भावेशनं खाली पाहिलं. हातातल्या स्टिककडे पाहतच राहिला. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं होतं. दामिनीला वाटलं, आनंदच.

मीनाबाईंनी दाराला आतून कडी घातली. आवाज तसाच मऊ होता.

“हाई युगत मन्हा अमृतनी एकच जनले शिकाडी व्हती. त्याले रोज गाडीवर मांगे बसाडे. त्या दिन बी बसाडा व्हता. गाडी नाल्याना पूलखाले गई. डॉक्टर सांगे, पोऱ्या सकायलोंग जिता व्हता. मांगे बसेल पाटील पयी ग्या.”

दामिनीनं जियाला छातीशी घट्ट धरलं.

“मावशी, तुमची काहीतरी चूक होतेय. जखमी माणसाला सकाळपर्यंत तसंच टाकून पळून जाणारे हे नाहीत. मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारा माणूस आहे.” ती भावेशकडे वळली. “अहो, सांगा ना त्यांना. असे गप्प काय उभे राहिलात? बोला ना!”

मीनाबाई त्याच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या.

“माले दुसरं काहीच नको, भाऊ. एकच इचारस. तू निंघना तवय त्यानी पाणी मांगं व्हतं का?”

भावेश बोलला. कितीतरी दिवसांनी, नीट, स्पष्ट.

“दोनदा.”