लाल पट्टी

यमाईच्या डोंगरावर देवळाच्या पायऱ्यांवर गर्दी अशी दाटली की अक्काताईंचा श्वास कोंडला. साथीमुळे प्रत्येकाच्या मनगटावर ताप मोजणारी पट्टी होती. एकाची लाल झाली की सगळ्यांच्या थरथरत आणि माणसं मुकाट मागे सरत. आज मात्र सगळ्या हिरव्या, म्हणून कुणी हटत नव्हतं.

"माझी पोरगी चेंगरली! सरका की मागं!" कठड्याशी अडकलेली एक बाई ओरडत होती. पण ढोलांच्या दणक्यात, खालून रेटणाऱ्यांना ते ऐकूच जात नव्हतं. पोरीचे ओठ निळे पडू लागले.

अक्काताईंच्या हातातल्या तबकात कापूर पेटला होता. आरतीचा मान त्यांच्या घराण्याचा, आणि साथ आल्यापासून आज पहिल्यांदा गाभारा उघडला होता. त्यांनी एकदा देवीकडे पाहिलं आणि पट्टीचं मनगट ज्योतीवर धरलं. कातडी पोळली. पट्टी लाल झाली.

सगळी मनगटं थरथरली. तळची माणसं आधी हटली, मग वरची. पोरगी खोकली, मग मोठ्यानं रडली.

अक्काताईंनी तिला कुरवाळायला हात पुढे केला. बाईनं झटकन पोरीच्या तोंडावर पदर ओढला आणि पहाऱ्यावरच्या पोलिसाला हाक मारली, "अवो, ह्या लाल पट्टीवालीला आधी न्या हितनं!"