पायाळूचा पाय

बलभीमची एक चप्पल अंगणातच राहिली आणि तो एका चपलेनं उंबऱ्यापर्यंत आला. त्याला कळलंच नाही. अनवाणी डावा पाय घोट्यापर्यंत धुळीनं माखला होता.

“ध्यान कुठाय रं तुझं?” ओट्यावर बसलेली त्याची आई मथुराबाई हसली. “उद्याच्या मॅचमधी?”

मागून आलेल्या धुळाप्पानं चप्पल उचलून दाराशी ठेवली. धुळाप्पा साखर कारखान्यात फिटर होता आणि कारखान्याच्या टीमचा कप्तान. बलभीम त्याचा एकुलता एक फास्ट बोलर.

त्या साली पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा पाठ फिरवून गेला होता. शिवारात ऊसच नव्हता. ऐन गाळपाच्या दिवसांत कारखान्याचं धुराडं थंड होतं आणि हंगामी माणसं एकेक करून घरी बसत होती. बलभीमही हंगामीच. पण चेअरमन आण्णासाहेबांना क्रिकेटचं वेड. धाराशिवची फायनल काढून दे, तुला कायम करतो, असा शब्द त्यांनी चार माणसांत दिला होता. फायनल उद्या होती.

टीमचा सराव आटलेल्या तलावात चाले. भेगाळलेल्या तळावर काथ्याची मॅटिंग अंथरायची आणि बलभीमनं लांबून धावत येऊन डावा पाय आपटायचा. खालची माती दगड झालेली. सगळा मार घोट्यातून कमरेत जायचा. दिवाळीच्या सुमारास घोटा सुजला. मग कमरेत उसण भरली. मग कमरेतून डाव्या पायात अशी कळ उतरू लागली की तो तोंडात उपरणं कोंबून पडून राहायचा. सोलापूरला जाऊन हाडांचा फोटो काढायचं ठरलं होतं. फायनल झाल्यावर.

तोवर घरात सारजा होती. त्याची बायको सारजा पायाळू; आईच्या पोटातून पायांकडून जन्मलेली. अशा माणसानं पाय लावला की उसण उतरते, हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नसे. पायाळूला जमिनीखालचं पाणीही कळतं म्हणत. उन्हाळ्यात गावानं तिला रानोरान फिरवलं होतं. तिचा पाय जिथं थबकला तिथं विहीर खणली. कोरडा खडक लागला. तेव्हापासून टँकरपाशी ती गेली की बाया बोलायच्या थांबत.

म्हणून बलभीमची पाठ तिला लाखमोलाची वाटे. रोज दिवेलागणीला तो पालथा पडायचा. नवऱ्याच्या अंगाला पाय लावायचा, म्हणून ती आधी वाकून त्याच्या पाया पडायची. मग कमरेखाली, माकडहाडाच्या जरा वर, उजवा पाय दाबून धरायची. तो कण्हायचा. गेल्या आठवड्यात कण्हणं कमी झालं आणि परवापासून कळ पार गेली. बातमी गावभर झाली. आज टँकरपाशी बायांनी स्वतःहून बाजूला होऊन तिची घागर आधी भरू दिली होती.

“वहिनी, तुमचा पाय हाय तवर समोरच्या टीमची खैर न्हाय,” धुळाप्पा म्हणाला. “आधी ह्यो चेंडू उचलाय वाकला तरी वरडायचा. काल पळताना अडखळून पार आडवा झाला, तरी हसत उठला!”

“पडले?” सारजानं विचारलं.

“पाय जरा जड झालाय, सूज हाय न्हवं,” बलभीम म्हणाला. “दुखत मातर न्हाय. घोटा बी न्हाय अन् कंबर बी न्हाय.”

“सकाळी पहिली यष्टी,” असं बजावून धुळाप्पा गेला.

मथुराबाईनं आज आंघोळ केली नव्हती. ते पाणी तिनं लेकाच्या घोट्यासाठी राखलं होतं. चुलीवर चांगलं कढवून तिनं त्यात मीठ टाकलं. विसणाला गार पाण्याचा थेंब नव्हता. सारजानं बादली पुढं ठेवली.

“जरा निवू द्या,” ती म्हणेपर्यंत बलभीमनं डावा पाय आत सोडला. घोटा चोळायला तिनं हात घातला आणि चटकन मागं ओढला. बोटं लाल झाली होती.

“कोमटच हाय की गं,” बलभीम म्हणाला. “लई नाजूक झालीस तू.”

चुलीपाशी मथुराबाई हसली. सारजा हसली नाही. तिनं त्याचा पाय धरून बाहेर काढला आणि पदरानं टिपला.

तुळजाभवानीच्या तसबिरीपुढं दिवा लागला. बलभीम भिंतीकडं तोंड करून घोंगडीवर पालथा पडला. तो उद्याचंच बोलत होता. नवा चेंडू आपल्यालाच मिळणार. वारं मागून असलं तर बघायलाच नको. कायम झालो की सगळे तुळजापूरला जाऊ, आईची ओटी भरू.

सारजा वाकून पाया पडली. डाव्या पावलावर फोड उठू लागले होते. तिनं भिंतीला हात टेकला.

बलभीम बोलायचा थांबला. वाट बघत राहिला. वात तडतडली.

“ठेव की गं पाय आता,” तो भिंतीकडं बघतच म्हणाला. “अजून पायाच पडतीस व्हय?”

सारजाचा उजवा पाय केव्हाचा त्याच्या माकडहाडावर दाबलेला होता.