वीर्स्माबाईंची आवाजवही

सहा दिवसांत पाय त्र्याण्णव वेळा आपटला होता आणि टाळ्या तीनशे सत्तर वाजल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या वीर्स्माबाईंनी सगळं वहीत वेळेसकट टिपलं होतं. शेजाऱ्यांचे तंटे मिटवणारी इनेका ती वही घेऊन वर रुलॉफकडे आली होती, बाईही सोबत होत्या. रुलॉफने प्रत्येकीला कॉफी आणि एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला.

मेंदूला झटका आल्यापासून रुलॉफचं बोलणं सपाट झालं होतं. उपाय म्हणून रोज लांबलचक डच जोडशब्द म्हणायचे, शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला टाळी वाजवायची आणि जोर येतो तिथे पाय आपटायचा. शुक्रवारी चाचणी होती. चाळीसपैकी छत्तीस शब्द जमले तर फेरीबोटीच्या माइकवर घोषणा करायचं काम परत मिळणार होतं. सराव बंद पडला तर ते गेलंच.

“बावीस वर्षं,” रुलॉफ एकेक शब्द ओढत म्हणाला, “माझ्या कुत्र्याच्या... नखांचीसुद्धा... तक्रार केलीत, बाई.”

“नखं वाजत होती,” बाई म्हणाल्या.

इनेकाने वहीतली ‘अग्निबंब’ या शब्दाची नोंद वाचली. “ब्रांट-वेर-औ-टो. टाळ्या चार, बरोबर. पाय पहिल्या तुकड्यावर, बरोबर.” मग ‘नगरभवन’ या शब्दाची. “स्टाट-हाउस. पाय पुन्हा पहिल्यावर. चूक, शेवटी हवा. डोकं उठलं.”

तिने वही खाली ठेवली. “बाई, तुमची तक्रार गोंगाटाची आहे ना?”

“कसला गोंगाट? छत्तीस वर्षं पहिलीच्या पोरांकडून टाळ्या वाजवून घेतल्यात मी. हा वर चुका करणार आणि मी खाली गप्प ऐकत बसू?”

रुलॉफने डबा उघडला आणि बाईंपुढे धरला. बाईंनी दुसरं बिस्किट घेतलं.

इनेकाने तिथल्या तिथे करार लिहिला. सराव रोज दहा ते अकरा. शब्द चुकला की बाईंनी खालून छताला झाडूच्या दांड्याने एक ठोका द्यायचा. दोघांनी सही केली. बुधवारी एकोणीस ठोके पडले, गुरुवारी अकरा.

शुक्रवारी चाचणी गावातल्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर झाली. पहिल्या मजल्यावर दंतवैद्याकडे वीर्स्माबाई झाडू घेऊन रांगेत बसल्या होत्या. चाळीस शब्दांत छताला दोन ठोके पडले.