पडायची तुकडी

आज वाईट पडायचं, असं गादीवाली ठरवूनच आली होती.

ज्युदोच्या वर्गात नव्या माणसाला आधी नुसतं पडायला शिकवतात. मान आत, हात आधी, श्वास बाहेर. ज्याला नीट पडता येईल त्याची रवानगी पाडणाऱ्यांच्या तुकडीत, आणि आज सर तेच तपासणार होते. पाडणारे बहुतेक तासभर उभे असतात. गादीवालीचा आक्षेप एवढाच होता.

ती गाद्यांच्या दुकानात विक्रीला होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाद्या आणि वर मालकाची पाटी: कर्मचाऱ्यांनी गादीवर बसू नये. गिऱ्हाइकांनी मात्र झोपून बघायचं. आज दुपारी एक गृहस्थ झोपून बघता बघता घोरायला लागले. ती शेजारी हाताची घडी घालून उभी राहिली. जाग आल्यावर ते म्हणाले, "जरा कडक आहे," आणि निघून गेले. घरी ती आडवी झाली की कोणीतरी विचारायचं, "बरं नाही का?" बरं आहे म्हटलं की, "मग जरा चहा टाक."

अंगात दम येईल म्हणून बहिणीनं हा वर्ग लावून दिला होता. जोर-बैठकांनी होता तोही दम गेला. पण बैठकांनंतर पडायचं असायचं, आणि पडलं की सर आपणहून सांगायचे, "लगेच उठू नका. अंग सैल सोडा." इतक्या मायेनं तिला कोणी कधी काही सांगितलं नव्हतं.

"या, गादीवाल्या बाई," सर म्हणाले. सरांचा एक गुडघा कायमचा रुसलेला होता, त्यामुळे ते डाव्या हातानं भिंत धरून उजव्या हातानं पाडायचे.

मान ताठ ठेवायची, हात विसरायचा, पोतं टाकल्यासारखं पडायचं. तिनं मनात उजळणी केली. सरांनी उजव्या हातानं हिसका दिला. हवेत असतानाच तिच्या लक्षात आलं, हनुवटी गळ्याशी गेलेली आहे. मग तिला न विचारता हात फाडकन मॅटवर आपटला. श्वासही वेळेवर बाहेर.

"वा!"

"मान चुकली ना, सर?" ती आडव्यानंच म्हणाली.

"कुठे चुकली? बरं, पुन्हा बघू."

दुसऱ्यांदा तिनं डोळे गच्च मिटून भलताच विचार केला. फाडकन. शरीराला नको ती अक्कल आली होती.

"पास," सर म्हणाले.

"अजून कच्चंच आहे हो माझं. राहू द्या ना मला इथेच."

"बाई, तुमच्याइतकं मनापासून पडणारं माणूस मी पाहिलेलं नाही."

"सर, काकू मुद्दाम चुकत होत्या," तिच्या तुकडीतली, समोरचे दात पडलेली मुलगी म्हणाली. "पण त्यांना चुकायलाच येत नाही."

"मोठी हो," गादीवाली तिला म्हणाली. "मग कळेल."

मॅटच्या दुसऱ्या टोकाला पाडणारे उभे होते. अगदी उभेच होते. जोडीदार म्हणून तिच्या वाट्याला कपाटाएवढा वॉचमन आला. तो इथून थेट रात्रपाळीला जायचा आणि सकाळी झोपायला घरी, जिथे वरच्या मजल्यावर कित्येक महिने फरशा बसवणं चालू होतं.

"कंबर आत घाला, त्यांना पाठीवर घ्या आणि द्या सोडून," सरांनी भिंतीपाशी उभं राहूनच सांगितलं.

"हे एवढे?"

"बिनधास्त पाडा, ताई," वॉचमन म्हणाला. मग आवाज खाली आणून, "फक्त जरा लवकर पाडा."

तिनं कंबर आत घातली. मांड्या थरथरल्या, पण टिकल्या. वॉचमन वर गेला, जरासा रेंगाळला आणि मॅटवर आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दात पडलेल्या मुलीनं फटीतून शिट्टी मारली.

वॉचमन उठला नाही.

"लागलं का हो?"

त्याचे डोळे मिटलेले होते. "नाही, ताई," नुसते ओठ हलले. "दोन मिनिटं."

"काय झालं तिकडे?" सर ओरडले. "उठवा त्यांना! आता पाडायची पाळी त्यांची, पडायची तुमची."

पडायची तुमची, हे गादीवालीच्या पोटऱ्यांनी तिच्याआधी ऐकलं. म्हणजे इथेही पडायला मिळत होतं, फक्त पाळीपाळीनं. ती घाईघाईनं वाकली आणि वॉचमनच्या खांद्याकडे हात नेला. तेवढ्यात त्यानं एक लांब सुस्कारा सोडला. हा सुस्कारा तिच्या ओळखीचा होता. दुकानात ती रोज ऐकायची. यानंतर घोरणं सुरू होतं.

तास संपायला थोडाच वेळ राहिला होता. तिनं हात मागे घेतला.

मग ती सरळ झाली, हाताची घडी घातली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "झोपून बघतायत ते."