शेवाळावरचं व्याख्यान

"— आणि म्हणून त्या भिंतीवर पुन्हा कधीच हिरवं उगवलं नाही."

टाळ्या.

क्रेनवाल्याने डोळे उघडले. कुठली भिंत? त्याचं डोकं बायकोच्या खांद्यावर होतं आणि तिच्या बाहीवर लाळेचा एक ओला ठिपका. पुढच्या रांगेतल्या बाई वळून बायकोला म्हणाल्या, "तुमच्या ह्यांनी ठेका बाकी छान धरला होता हो."

बायको हसली. तो कानापर्यंत लाल झाला.

व्याख्यान शेवाळावर होतं. त्याच्या आधीचं जुन्या कुलपांवर. त्याच्याही आधी एका कवींनी आपल्या कविता वाचल्या होत्या आणि मग त्यांच्या मित्रांनी त्याच पुन्हा वाचल्या होत्या. सगळ्यांची सुरुवात त्याला पाठ होती. शेवटही. मधलं तेवढं

मधे झोप असायची. दिवे विरघळत, शब्द लांब जात. उंच केबिनमधून तो खाली बघे तर हुकाला तुळई नाही, विटा नाहीत, कुणाचं तरी अर्धं वाक्य लटकलेलं. तो ते अलगद खाली सोडी. खाली शहर नसे, पाणी असे. वाक्य पाण्यावर टेके आणि तरंगसुद्धा उठत नसे.

घरी असं होत नव्हतं. हिवाळ्यात बांधकामावर क्रेनची तार तुटली आणि तुळई मोकळ्या मैदानात पडली. कुणाला खरचटलंही नाही. पण तेव्हापासून गादीला पाठ लागली की ती तुळई पुन्हा सुटायची. डोळ्याला डोळा लागेना. कामावरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "झोप नाही, तर केबिन नाही." आणि केबिनशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.

"— कुलूप ही मुळात माणसाची एक शंका आहे, आणि शंका म्हटली की—"

की पाणी. परत तेच शांत पाणी.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना काचा बसवून द्यायची आणि उरलेला वेळ स्वतः वाचायची. दूध उतू जाईपर्यंत वाचायची. बसच्या रांगेत, जिन्यात, दात घासताना. तो तिला वाळवी म्हणे. पुस्तक आपलं आपण वाचावं, कुणी वाचून दाखवू लागलं की माझं डोकं उठतं, असं तिने लग्नाआधीच बजावलं होतं. म्हणून हिवाळा सरता सरता ती त्याला हाताला धरून असल्या कार्यक्रमांना नेऊ लागली तेव्हा त्याला नवलच वाटलं. पण वाचणाऱ्या माणसाचं काय सांगावं! आज कादंबरी, उद्या शेवाळ. तिच्या उशाजवळचं पुस्तक मात्र हल्ली कित्येक दिवस त्याच पानावर पालथं पडलेलं असे.

धाकटी बहीण जेवायला आली तेव्हा विषय निघाला.

"दादा, तिकीट काढून झोपायला जाणारा तू पहिलाच."

"दुसराही असेल. मी झोपेत असतो, दिसत नाही."

"हस तू. वहिनी एवढी वाचणारी, आणि शेजारी हे घोरणारं गाठोडं. तिला काय वाटत असेल रे?"

"मला काय वाटायचंय," बायको भांडी आवरता आवरता म्हणाली. पण तिने मान वर केली नाही. ते त्याला लागलं.

ती रात्र त्याने छताकडे बघत काढली आणि ठरवून टाकलं. तिला एकटीला जाऊ द्यायचं. झोप गेली तर जाऊ दे. केबिन गेली तर तीही जाऊ दे. बायकोच्या आनंदावर डोकं टेकून माणसाने किती दिवस काढायचे?

सांगायला मात्र जीभ रेटेना. शनिवारी संध्याकाळी दोघं नेहमीसारखे सभागृहाशी पोचले. ती तिकीट-खिडकीच्या रांगेत उभी राहिली. तो बाहेर लावलेल्या पाट्या वाचत फिरला आणि एका पाटीपाशी थबकला. मोठ्या सभागृहात आज तिच्या लाडक्या लेखिकेची मुलाखत होती. जिची पुस्तकं कपाटात मावेनात म्हणून त्याच्या बुटांनी जागा सोडली होती, तीच.

त्याला बरं वाटलं. सांगायचं तर आजच. शेजारी गाठोडं नको. ती ताठ मानेने बसेल, पोटभर ऐकेल, घरी येऊन सगळं सांगेल. मधलंसुद्धा. एकच तिकीट काढ, म्हणायचं, आणि वळायचं.

तो गर्दीतून वाट काढत तिच्या पाठीशी पोचला. तिला पत्ता नव्हता.

"ताई, मुलाखतीची शेवटची दोनच आहेत," खिडकीतला माणूस म्हणत होता. "घेऊन टाका. मागे रांग बघा केवढी आहे."

ती त्या पाटीकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली.

"नको. तिथे लोक फार हसतील. टाळ्याही वाजवतील मधे मधे."

"आता हसायचं नाही तर काय!" माणूस वैतागला. "मग छोट्या सभागृहात धुक्यावर व्याख्यान आहे. तिथे चिटपाखरू नाही. पण विषय जरा..."

"विषय वाट्टेल तो असू दे हो," ती खिडकीत वाकून हळूच म्हणाली. "बोलणाऱ्यांचा आवाज मऊ आहे ना, तेवढं सांगा."