कुंचल्याचं टोक

कुंचला ओठांपर्यंत आला आणि सुनेनं तो तिथूनच मागे घेतला.

समोर चकतीवर पांढरी बशी होती. बशीच्या काठाला केसाएवढी निळी रेघ मारायची. कारखान्यातल्या रंगाच्या खोलीत आठ बायका दिवसभर तेवढंच करायच्या आणि आठही जणींची रीत एकच. कुंचला रंगात बुडवायचा, दोन ओठांत धरून हलकेच ओढायचा, टोक बारीक झालं की चकती फिरवायची. दिवसाकाठी दोनशे बश्या झाल्या तर दोनशे वेळा कुंचला ओठांत.

"का गं, थांबलीस का?" शेजारून सासूबाईंनी विचारलं. त्यांच्यासारखा हात अख्ख्या कारखान्यात कुणाचा नव्हता, आणि सुनेचा हातही त्यांनीच घडवलेला.

"शुक्रवारी तपासणीला गेले तर नर्सबाईंनी विचारलं, तुझ्या तोंडात काय काय जातं. तंबाखू नाही, दारू नाही, मनानं घेतलेली गोळी नाही, सगळं ठणकावून सांगितलं मी. तर म्हणाल्या, मग ओठ निळे कशानं?" सुनेनं कुंचला खाली ठेवला. "आई, या रंगात शिसं असतं. ते बाळापर्यंत पोचतं. आजपासून मी कुंचला तोंडात घालायची नाही."

"काहीतरीच तुझं!"

आता खरं सांगायचं, तर सुनेच्या पोटातल्या या पोराची राखण सासूबाईंइतकी कुणी करत नव्हतं. लोहाची गोळी त्या स्वतः सुनेच्या हातावर ठेवायच्या, दूध संपल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. पोटच्या मुलाला त्यांनी सिगारेटसकट फाटकाबाहेर काढलं होतं, आणि घरात धूर दिसला तर अंथरूणही तिथेच घाल म्हणून दम भरला होता. पण कुंचला? कुंचला म्हणजे काम. कामाला कोण कशाला नावं ठेवेल!

"अगं, आपण काय रंग खातो का? नुसता ओठाला लावतो. एकतीस वर्षं लावतेय मी. काय झालं मला?"

सुनेनं बशी चकतीवर नीट मधोमध सरकवली. पण कुंचला काही ओठांकडे गेला नाही.

चकती थांबलेली दिसली की मुकादमाला चैन पडत नसे. तो आलाच. सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर असेल. पण ओठ लावल्याशिवाय टोक येत नाही, आणि टोकाशिवाय रेघ येत नाही. बाळंतपण होईपर्यंत खोकी भरायला बसा."

खोकी भरायला! चार वर्षं मान मोडून मिळवलेली चकती एका वाक्यात गेली की. पण आवाज सुनेनं पडू दिला नाही.

"एक बशी मारून दाखवते. नाही जमली तर मी होऊन खोक्यांकडे जाईन."

तिनं पिशवीतून ओला स्पंज काढला आणि काचेचा एक गुळगुळीत तुकडा. सुट्टीचे दोन्ही दिवस, सासूबाई बाजारात गेल्या की, ती घरातल्या बश्या पालथ्या घालून पाण्याच्या रेघा मारत बसली होती. स्पंजावर कुंचला टेकवला, काचेवर हळूच लोळवला, चकती फिरवली. रेघ सुरू झाली ती बरी, पण मध्येच फुगली. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

सुनेनं फडक्यानं काठ पुसून लख्ख केला. पुन्हा स्पंज, पुन्हा काच. या वेळी टोक डोळ्यांसमोर धरून नीट पाहिलं, श्वास रोखला आणि चकतीला एकच गिरकी दिली. रेघ निघाली तिथे येऊन मिळाली.

मुकादमानं बशी उजेडात धरली. बराच वेळ धरली. खोड सापडेना, म्हणून घड्याळाकडे पाहिलं. "झकास आहे. पण वेळ दुप्पट लागतोय. उद्या सगळ्याच असं करायला लागल्या तर माल निघायचा कधी?"

"निघेल तेव्हा निघेल," सासूबाई कडाडल्या. "बश्यांना काय कळा सुरू झाल्यात?"

बाकीच्या चकत्याही थांबल्या आणि खोलीभर हशा झाला. मुकादम खाली मान घालून निघून गेला.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. हातातल्या कुंचल्याकडे बघत म्हणाल्या, "काय म्हणालीस, काय विचारलं त्या नर्सबाईंनी?"

"तोंडात काय काय जातं."

"मला नाही गं कुणी विचारलं." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तुझ्या नवऱ्याच्या आधी दोन होती मला. पोटातच गेली. कशानं गेली, आता कोण सांगणार? हिचं नशीबच फुटकं म्हणाले सगळे. मीही तेच म्हणत आले."

सुनेनं काचेचा तुकडा दोघींच्या मधे सरकवला.

सासूबाई उठल्या, नळावर जाऊन खळखळून तोंड धुऊन आल्या आणि सुनेला खेटून बसल्या. "दाखव. कुंचला लोळवायचा कसा?"

त्यांची पहिली रेघ दोरीएवढी जाड आली. दुसरी वाकडी. तिसरी सुरू केली तिथे पोचलीच नाही. एकतीस वर्षांत त्या हातातून असली बशी कुणी पाहिली नव्हती.

फेरीवर आलेल्या मुकादमानं ती उचलली. "ही कुणाची?"

"माझी," सासूबाई म्हणाल्या, खोलीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "ठेव खाली. अजून शिकतेय मी."