घरची तार

पंचायतीच्या रेडिओमागे दोन तारा जोडलेल्या होत्या. एक चावडीवरच्या भोंग्याची, दुसरी रेडिओ सांभाळणाऱ्या लटारूच्या घरची; तिथे चुलीपाशी लहान भोंगा होता. बातम्या संपल्या की लटारू घरची तार सोडवून दोनदा टेकवायचा. टक-टक ऐकून बायको भात टाकायची आणि घराच्या छपरावरच्या कवेलूंवर धूर दिसला की तो निघायचा. तिला जाऊन महिना झाला होता. "लटारूभाऊ, अर्धा आवाज तुमच्या घरीच जाते," सरपंच चाचरत म्हणाले, "काढून टाका ना ते तार आता." लटारूनं तार काढून गुंडाळली. भोंगा दणाणला, लोक खूश झाले. बातम्या संपल्या आणि सवयीनं त्याच्या हातानं उरलेली तार सोडवून दोनदा टेकवली. टक-टक साऱ्या गावावर वाजलं. "काय झालं, भाऊ?" कोणीतरी विचारलं. "काई नाई." लोक पांगले. लटारू कवेलूंवर धूर दिसायची वाट पाहत राहिला.